एकोणीस दिवसांच्या बाळाच्या शीमध्ये रक्ताची रेघ दिसली, तर थांबावे की लगेच डॉक्टरांना दाखवावे?

ताई, तुमच्या प्रश्नातून मला समजले ते असे. बाळ १९ दिवसांचे आहे, पूर्ण दिवस भरून जन्मलेले आहे आणि फक्त अंगावर पिते. कालपासून दोन वेळा त्याच्या पिवळ्या शीवर लाल दोऱ्यासारखी रेघ आणि थोडा चिकट शेम दिसला. बाळ पीत आहे, झोपत आहे, फारसे किरकिरत नाही. घरातील मोठी माणसे म्हणतात की बाळंतिणीच्या खाण्यातली उष्णता बाळाला बाधली आहे, म्हणून दोन दिवस अंगावरचे बंद करून गाईचे दूध पाणी घालून द्यावे. तुम्ही सिडकोत राहता आणि बालरोगतज्ज्ञांकडे आजच जावे की दोन दिवस वाट पाहावी, असे विचारता. माझे उत्तर असे की बाळाला आजच दाखवा, आणि अंगावरचे दूध एका वेळेपुरतेही बंद करू नका.

मी नाशिकमधील एका रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात बरीच वर्षे परिचारिका होते. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते बाळाला हात लावूनच होते, परंतु लंगोटातले रक्त पाहून हातपाय गळालेल्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्यांना काय सांगायला हवे असते ते मला ठाऊक आहे. तुम्ही वर्णन केल्याप्रमाणे दिसणारे रक्त बहुतेक वेळा साध्या, बऱ्या होणाऱ्या कारणाने आलेले असते. तरीही महिन्याच्या आतल्या बाळाच्या बाबतीत हे कारण साधेच आहे असे घरच्या घरी ठरवता येत नाही, म्हणून ‘आजच’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे.

शी पाहण्याआधी बाळाकडे पाहा. बाळ जोराने ओढून पीत आहे का, चोवीस तासांत सहा-सात वेळा लघवी करत आहे का, उठवल्यावर डोळे उघडून हातपाय हलवत आहे का, पोट मऊ आहे का, हे आधी तपासा. पोट फुगून ताठ झाले असेल, हिरव्या रंगाची उलटी झाली असेल, बाळ पिण्याचे सोडून निपचित पडत असेल, अंग पांढरेफटक दिसत असेल, टाळू फुगलेली वाटत असेल, काखेतला ताप ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल किंवा उलट अंग गार पडत असेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच क्षणी निघायचे. रक्ताच्या गाठी पडत असतील, किंवा सुरुवातीची काळी शी संपून शी पिवळी झाल्यानंतर ती पुन्हा डांबरासारखी काळी झाली असेल, तरीही तसेच. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच सुमारे २५० मिलिलिटर असते, त्यामुळे आपल्याला चमचाभर वाटणारे रक्त त्याच्यासाठी थोडे नसते.

यानंतर, दिसते आहे ते खरोखर शीतले रक्त आहे का, हे पाहावे. पहिल्या काही दिवसांत लघवीतल्या युरेटच्या कणांमुळे दुपट्यावर विटकरी-गुलाबी डाग पडतो आणि तो रक्तासारखाच दिसतो. मुलगी असेल, तर पहिल्या आठवड्यात आईकडून आलेल्या संप्रेरकांचा प्रभाव ओसरताना योनीमार्गातून थेंबभर रक्त येऊ शकते. लोहाचे थेंब चालू असतील तर शी काळपट होते. तुमच्या बाळाची रेघ मात्र पिवळ्या शीवर आणि शेमाबरोबर आहे, त्यामुळे ती रक्ताचीच आहे असे धरून चालणे योग्य.

ते रक्त बाळाचेच असेल असेही नाही, हे अनेकांना माहीत नसते. स्तनाग्राला चिरा पडल्या असतील तर दुधाबरोबर आईचे रक्त बाळाच्या पोटात जाते, आणि ते उलटीतून किंवा शीतून बाहेर पडते. हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. लिओनार्ड अ‍ॅप्ट यांनी ती १९५५ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. डायपरवरचा लाल भाग थोड्या पाण्यात कालवून गाळ खाली बसवतात, वरचे गुलाबी पाणी काचेच्या नळीत घेतात, त्यात सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड घालतात आणि दोन मिनिटे थांबतात. पाणी गुलाबीच राहिले तर रक्त बाळाचे असते, आणि पिवळट-तपकिरी झाले तर आईचे, कारण नवजात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असून ते अल्कलीत टिकते. नळीतला रंग डोळ्यांदेखत तपकिरी होताना पाहून पदर डोळ्यांना लावणारी आई मला आजही आठवते. तिच्या बाळाला काहीही झालेले नव्हते, उपचार तिच्या चिरांवर करायचे होते. तुमच्या स्तनाग्रांना चिरा असतील, पाजताना कळ येत असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना आधी तेच सांगा.

गुदद्वारापाशी बारीक भेग पडली असेल तर ताज्या लाल रक्ताची रेघ शीच्या बाहेरच्या बाजूला दिसते. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ असल्याने हे कमी वेळा घडते, तरी घडते. डॉक्टरांना ती भेग नुसत्या नजरेने दिसते आणि ती बहुधा आपोआप भरते. आपल्याकडे बाळाने शी केली नाही की विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी गुदद्वारात घालण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. त्यामुळे नाजूक त्वचेला इजा होऊन रक्त येऊ शकते. गेल्या काही दिवसांत कोणी मायेपोटी तसे केले असेल, तर रागावू नका, पण डॉक्टरांना नक्की सांगा आणि पुन्हा होऊ देऊ नका.

आता ज्याबद्दल मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते. घरी जाताना रुग्णालयाने दिलेले कार्ड आताच काढा आणि त्यावर जन्मानंतर व्हिटॅमिन के दिल्याची नोंद आहे का ते पाहा. रक्त गोठवणारे काही घटक तयार करण्यासाठी यकृताला हे जीवनसत्त्व लागते. गर्भात असताना ते वारेतून फार थोडे पोहोचते, जन्मल्यावर आतड्यातले उपयोगी जंतू अजून रुजलेले नसतात आणि आईच्या दुधात ते मुळातच कमी असते. म्हणून जन्मल्याबरोबर मांडीत १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन देतात. ते चुकले, तर पहिल्या आठवड्यात आतड्यातून, नाकातून किंवा बेंबीतून रक्त येऊ शकते, आणि फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये दुसऱ्या आठवड्यापासून पुढे सहा महिन्यांपर्यंत हा धोका राहतो. या उशिराच्या प्रकारात रक्तस्राव मेंदूत होण्याची भीती असते, आणि काही बाळांमध्ये त्याआधी एखादा छोटासाच रक्तस्राव दिसून गेलेला असतो. कार्डावर नोंद नसेल, प्रसूती घरी किंवा वाटेत झाली असेल, गरोदरपणात तुम्हाला फिट्सच्या किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असतील, किंवा बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नसून शी पांढुरकी होत असेल, तर दवाखान्यात शिरल्यावर पहिले वाक्य हेच बोला. इंजेक्शन मिळाले असल्याची खात्री झाली, तर तुमच्या मनावरचा मोठा भार तिथेच उतरेल.

इंजेक्शन मिळाले आहे, भेग नाही, स्तनाग्रे ठीक आहेत, बाळ मजेत आहे आणि तरीही शेमाबरोबर रक्ताचे धागे येत आहेत, असे असेल तर बालरोगतज्ज्ञ बहुधा गाईच्या किंवा म्हशीच्या दुधातील प्रथिनांच्या अ‍ॅलर्जीचा विचार करतील. ही अ‍ॅलर्जी आईच्या दुधाची नसते. आईने खाल्लेल्या दुधदुभत्यातील प्रथिनांचा अगदी थोडा अंश तिच्या दुधात उतरतो, आणि काही बाळांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला त्याने सूज येते. पहिल्या दोन महिन्यांत हे जास्त दिसते. बाळ तंदुरुस्त असते, वजन वाढत असते आणि त्या आनंदी चेहऱ्याशी लंगोटातले रक्त अजिबात जुळत नाही. आपल्या घरातला बाळंतिणीचा आहार पाहा: हळिवाची खीर दुधात, डिंकाचे लाडू तुपात, सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध, भातावर तुपाची धार. हे सगळे प्रेमाने केलेले असते आणि बहुतेक बाळांना त्याने काहीच होत नाही, म्हणून उगाच कोणाला दोष देण्याचे कारण नाही.

या निदानाची शंका असेल तर डॉक्टर आईला दूध, दही, ताक, पनीर, खवा, तूप आणि दुधाची पूड असलेली बिस्किटे साधारण दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करायला सांगतात. म्हशीचे किंवा शेळीचे दूध घेऊन उपयोग होत नाही, कारण त्यांतली प्रथिने गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी खूप मिळतीजुळती असतात. काही दिवसांतच रक्त कमी होऊ लागते, मग आईने पुन्हा थोडे दूध घेऊन रक्त परत येते का ते पाहिले जाते, आणि तेव्हा निदान पक्के होते. रक्त अगदी किरकोळ असेल तर काही डॉक्टर आहार न बदलता थोडे थांबतात. तेही योग्यच आहे. तुम्हाला माझी कळकळीची विनंती एवढीच की तपासणीआधी स्वतःहून एकेक पदार्थ सोडत जाऊ नका. मी अशा बाळंतिणी पाहिल्या आहेत ज्या भीतीने डाळ, भाजी, शेंगदाणे सगळे सोडून नुसत्या वरणाच्या पाण्यावर आणि भातावर आल्या होत्या, आणि त्यांना उभे राहिले की चक्कर येत होती. दूध सोडावे लागलेच तर नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, राजगिरा आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या यांनी भरपाई होते. हीच हळिवाची खीर नारळाच्या दुधातही उत्तम होते. बहुतेक मुले वर्षाच्या आसपास दूध पचवू लागतात.

यावरून लक्षात येईल की बाळाला गाईचे दूध पाजण्याचा सल्ला नेमका उलटा का आहे. आईच्या दुधातून ज्याचा अंशमात्र पोहोचतो, तेच प्रथिन आपण वाटीने पाजणार. शिवाय त्यात पाणी मिसळल्याने पोषण घटते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बाळगुटी, ग्राइप वॉटर, एरंडेल यांतले काहीही रक्त थांबवत नाही, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांना बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. त्यांची काळजी तुमच्याइतकीच खरी आहे.

आतड्याला पीळ पडणे, आतड्याचा गंभीर संसर्ग, किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांमध्ये होणारा आतड्याचा दाह ही मोठी कारणे वर सांगितलेल्या धोक्याच्या लक्षणांसह येतात आणि तुमच्या वर्णनात ती लक्षणे नाहीत. पहिली काळी शी जन्मल्यावर ४८ तासांत झाली नव्हती, असे मात्र घडले असेल तर ते जरूर सांगा.

निघताना रक्त असलेला डायपर स्वच्छ प्लास्टिक पिशवीत बांधून सोबत घ्या आणि उजेडात त्याचा फोटोही काढून ठेवा, कारण काही तासांत रंग बदलतो. बाळाला दुचाकीवरून नेऊ नका, आणि सध्याच्या नाशिकच्या थंडीत टोपी घालून, छातीशी धरून, वर शाल घेऊन न्या. गारठलेले बाळ सुस्त दिसते आणि त्याने तपासणीत गोंधळ होतो. रात्री-अपरात्री धोक्याचे एखादे लक्षण दिसले आणि तुमचे डॉक्टर भेटले नाहीत, तर त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहे, आणि १०८ वर रुग्णवाहिका मिळते. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावरचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत असतात. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वरच्या बाजूच्या पाड्यांवरून कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी धोक्याची लक्षणे नसली तरी दिवस मावळण्याआधीच निघावे आणि आशाताईंना सोबत घ्यावे.

तपासणीत काळजीचे काही निघाले नाही, तरी पुढचे दोन-तीन आठवडे रक्त कोणत्या दिवशी दिसले, किती दिसले आणि त्याआधी तुम्ही काय खाल्ले होते, हे एका वहीत लिहीत जा, आणि बाळाचे वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा. या वयात रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वजन वाढायला हवे. त्यापेक्षा कमी वाढ दिसली किंवा रक्त थांबलेच नाही, तर ती वही घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा. मग ते बाळाचे हिमोग्लोबिन तपासून पुढचे ठरवतील.