दाण्यांआधी कड बघ

प्रिय डॉक्टर,

ग्रॅन्युलर सेल अमेलोब्लास्टोमाची, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींच्या वळणाच्या जबड्यातल्या गाठीच्या दाणेदार प्रकाराची, स्लाइड शिकाऊपणी क्वचितच हाती येते, म्हणून ती घाईत संपवू नकोस. गुलाबी दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी दिसल्या की नाव लिहून टाकायचा मोह होतो. तसले दाणे इतर गाठींतही असतात. आधी बेटाची, म्हणजे गाठीतल्या एपिथेलियमच्या (अस्तर-पेशींच्या) पुंजक्याची, कड बघ.

40 च्या लेन्सवर कडेच्या पेशी उंच, ओळीत उभ्या दिसायला हव्यात. त्यांची केंद्रकं गडद असतात, तळापासून लांब सरकलेली, आणि मधल्या जागेत छोटी पोकळी. व्हिकर्स आणि गॉर्लिन यांनी अमेलोब्लास्टोमा ओळखण्यासाठी 1970 मध्ये मांडलेले निकष ते हेच. एरवी बेटाच्या आत स्टेलेट रेटिक्युलमसारख्या (दाताच्या अंकुरातल्या ताराकृती पेशींसारख्या) विरळ पेशी असतात. या प्रकारात त्यांच्या जागी मोठ्या, गोल किंवा बहुकोनी पेशी येतात आणि केंद्रक एका बाजूला रेटलं जातं. दाणेदार पेशी बेटांच्या बाहेर पसरल्या असतील आणि मध्ये एपिथेलियमचे बारके पुंजके असतील, तर ग्रॅन्युलर सेल ओडोंटोजेनिक ट्यूमर या वेगळ्या गाठीचा विचार कर.

हे दाणे लायसोसोमचे (पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांचे) असतात. त्यामुळे ग्लायकोजेन पचवणारं डायस्टेस देऊनही पीएएस या रंगद्रव्याचा रंग टिकतो, आणि लायसोसोम दाखवणारा मार्कर सीडी68 पॉझिटिव्ह येतो. इथेच फसायला होतं, पेशी मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) वाटतात. सोबत एपिथेलियम दाखवणारा सायटोकेरॅटिन मार्कर लाव. जिभेवर नेहमी दिसणाऱ्या ग्रॅन्युलर सेल ट्यूमरमध्ये एस100 हा मार्कर पॉझिटिव्ह असतो, अमेलोब्लास्टोमात सहसा नसतो.

नमुना बिघडला तर यातलं काहीच दिसत नाही. दौंड-बारामतीच्या क्लिनिकमधून तुकडा सलाइनमध्ये निघाला, तर बाटली पुण्यात पोचेपर्यंत पेशी फुगून फुटू लागतात आणि कडेच्या पोकळ्यांचा भरवसा उरत नाही. फोन करून आधीच सांग: 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या किमान दहापट. हाडाला चिकटलेला मऊ भाग सोडवून वेगळ्या कॅसेटमध्ये (तुकडा ठेवायच्या डबीत) घाल, तो हाड मऊ करायच्या ॲसिडमध्ये जाता कामा नये. ॲसिडमध्ये जास्त राहिलेल्या तुकड्यात केंद्रकं हिमॅटॉक्सिलिन नीट घेत नाहीत, मग ती कुठे सरकली ते कसं कळणार? हाडाच्या तुकड्यावरच मार्कर लावावे लागणार असतील तर ॲसिडऐवजी ईडीटीए (कॅल्शियम हळू काढणारं रसायन) वापर. वेळ लागतो, लागू दे.

रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलर' एवढ्यावर थांबू नकोस. हा नेहमीच्या अमेलोब्लास्टोमाचाच उपप्रकार आहे हे सर्जनला स्पष्ट कळू दे, कारण नुसतं खरवडून काढलं तर ही गाठ परत येते. हाडात शिरलेली बेटं दिसली तर तेही लिही.

आणि कड जाड, अनेक थरांची वाटली तर काप तिरका गेलेला असू शकतो. तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक परत लावून आणखी खोल काप माग, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी गेला तरी चालेल.