एक परीक्षक म्हणतो 'दावे फार मोठे', दुसरा म्हणतो 'लेखक दिसतच नाही': दोघंही बरोबर कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजीत लिहिलेल्या तुमच्या शोधनिबंधावर एका परीक्षकाने 'दावे पुराव्याच्या मानाने फार ठाम आहेत' असा शेरा मारला, तर दुसऱ्याने 'लेखकाचं स्वतःचं म्हणणं काय, ते कळत नाही' असं लिहिलं. एकाच निबंधाबद्दल या दोन गोष्टी खऱ्या कशा असतील? आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची ही सांस्कृतिक अडचण आहे का?

दोन्ही शेरे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच. वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांचे इंग्रजी मसुदे तपासणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात ही जोडी वारंवार भेटते. निष्कर्षाच्या भागात 'यावरून सिद्ध झालं' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं आणि पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात मात्र 'अमक्याने असं म्हटलं, तमक्याने तसं म्हटलं' एवढीच यादी. म्हणजे सावध राहायचं तिथे लेखक ठाम आणि मत द्यायचं तिथे गप्प. दोन परीक्षकांनी बहुधा दोन वेगळ्या भागांवर बोट ठेवलंय.

लेखकाची भूमिका मजकुरात नेमकी कुठे दिसते, याची खूप वापरली जाणारी मांडणी भाषाविज्ञानाचे अभ्यासक केन हायलंड यांनी 2005 साली केली. आठ विषयांतले 240 शोधनिबंध तपासून त्यांनी भूमिकेचे चार धागे वेगळे केले: दावा सौम्य करणारे शब्द, म्हणजे हेज, दावा पक्का करणारे, म्हणजे बूस्टर, 'महत्त्वाचं', 'आश्चर्यकारक' अशी मूल्यमापनाची भाषा, आणि 'मी' किंवा 'आम्ही' असा स्वतःचा उल्लेख. हे चार धागे एकत्र वर-खाली होत नाहीत. तुमचे बूस्टर जास्त आणि मूल्यमापन जवळजवळ शून्य असेल, तर तुम्हाला मिळाले तसेच शेरे मिळणार.

आता संस्कृतीचा मुद्दा. याची चर्चा 1966 साली रॉबर्ट कॅप्लान यांच्या एका लेखापासून सुरू झाली. त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी परिच्छेद पाहून भाषागटांच्या विचारपद्धतींची चित्रंच काढली: इंग्रजीची सरळ रेघ, पौर्वात्य भाषांचं वर्तुळाकार वळण, इतरांच्या वाकड्यातिकड्या रेघा. चित्रं लक्षात राहण्यासारखी होती, म्हणून ती वर्षानुवर्षं शिकवली गेली. पण परकी भाषा शिकणाऱ्याच्या परिच्छेदावरून अख्ख्या संस्कृतीचा विचार कसा चालतो हे ठरवणं चूकच होतं. पुढे खुद्द कॅप्लान यांनीही ती मांडणी बरीच सौम्य केली.

फरक नसतातच असं मात्र नाही. मोजून पाहिल्यावर ते दिसतात. ग्वांगवेई हू आणि फेंग काओ यांनी 2011 साली उपयोजित भाषाविज्ञानातले 649 गोषवारे तपासले. इंग्रजी नियतकालिकांतल्या गोषवाऱ्यांमध्ये चिनी नियतकालिकांपेक्षा हेज ठळकपणे जास्त होते. हायलंड आणि मिल्टन यांच्या 1997 च्या अभ्यासात हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी दावे ब्रिटिश विद्यार्थ्यांपेक्षा जास्त ठाम निघाले, आणि वापरलेल्या शब्दांचा आवाकाही लहान. इरेना वासिलेवा यांना इंग्रजी विद्यापीठीय लेखनात 'मी' पुष्कळ दिसला, तर रशियन आणि बल्गेरियनमध्ये 'आम्ही'चा पगडा. फिनलंडच्या आना मॉरानेन यांना आढळलं की फिनिश अर्थतज्ज्ञ 'आता मी हे मांडतो, पुढच्या भागात ते पाहू' अशी वाचकाला वाट दाखवणारी वाक्यं इंग्रज लेखकांपेक्षा कमी वापरतात.

यातल्या हाँगकाँगच्या निष्कर्षावर जरा थांबतो, कारण त्याचा अर्थ लावताना घाई होते. विद्यार्थी ठाम लिहितात म्हणजे त्यांची संस्कृती ठाम बोलायला शिकवते, असं लगेच म्हटलं जातं. पण शब्दांचा आवाका लहान होता, हेही त्याच अभ्यासात आहे. परक्या भाषेत दावा करायला सोपा वर्तमानकाळ पुरतो. तो अर्ध्याने किंवा पाव हिश्श्याने खाली आणायला मात्र क्रियापदांच्या बारीक छटा हाताशी लागतात. मला वाटतं, ज्याला आपण संस्कृती म्हणतो त्यात बराचसा वाटा निव्वळ सवयीचा आणि शिकवणीचा असतो. सावधपणे बोलायची सोय प्रत्येक भाषेत असते. मातृभाषेत तोच माणूस ती सहज वापरतो.

आणि संस्कृतीपेक्षा विषय किती वरचढ ठरतो, हे नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या एका प्रकल्पाने दाखवलं. शर्स्टी फ्लटुम आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी, फ्रेंच आणि नॉर्वेजियन या तीन भाषांतले अर्थशास्त्र, भाषाविज्ञान आणि वैद्यक या तीन विषयांचे 450 निबंध तपासले. एकंदरीत लेखनाची पद्धत भाषेपेक्षा विषयाने जास्त ठरत होती. हायलंड यांच्या 240 निबंधांतही मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांत भूमिकेच्या खुणा विज्ञान-अभियांत्रिकीपेक्षा बऱ्याच जास्त होत्या. तेव्हा 'इंग्रजीत असं लिहितात' या सल्ल्यापेक्षा 'आमच्या विषयात असं लिहितात' हा सल्ला कधीही जास्त उपयोगाचा.

सावधपणाचं एक प्रसिद्ध उदाहरण बघा. 25 एप्रिल 1953 च्या 'नेचर'मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा छोटासा निबंध आला. सुरुवातच 'आम्ही एक रचना सुचवू इच्छितो' अशी. शेवटाकडे ते म्हणतात की डीएनएच्या घटकांची ही जोड्यांची मांडणी आनुवंशिक द्रव्याची प्रत कशी निघत असेल ते सुचवते, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. बस, एवढंच. इंग्रजी नम्रतेचा नमुना म्हणून हे वाक्य दाखवलं जातं. क्रिकने नंतर सांगितलेली हकीकत वेगळी आहे: त्याला आनुवंशिकतेबद्दल सविस्तर लिहायचं होतं, वॉटसनला मात्र रचना चुकीची निघेल अशी अधूनमधून भीती वाटायची, म्हणून ते वाक्य तडजोडीतून आलं. यात सावध होता तो अमेरिकन वॉटसन आणि पुढे जायला उत्सुक होता तो इंग्रज क्रिक. राष्ट्रस्वभावाच्या सिद्धांतात हे बसत नाही. पुराव्याबद्दलच्या मतभेदात बरोबर बसतं. दोघांचा आनुवंशिकतेवरचा दुसरा निबंध 30 मे रोजी, म्हणजे पाचच आठवड्यांत आला.

तुमच्या कामाचं सूत्र इथेच आहे. हेज म्हणजे शिष्टाचार असं समजून तो सगळीकडे शिंपडला की लेखन फुसकं होतं. पुरावा जिथे संपतो आणि अनुमान सुरू होतं, तिथे हेज लागतो. एक काल्पनिक वाक्य घेऊ: 'अपुऱ्या झोपेमुळे विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती घटते हे या अभ्यासाने सिद्ध केले.' अभ्यास काय, तर विद्यार्थ्यांनी स्वतःच प्रश्नावलीत झोपेचे तास लिहिले आणि एकदा चाचणी दिली. यात प्रत्यक्ष दिसलं काय? कमी झोप नोंदवणाऱ्यांचे गुण सरासरीने कमी होते. हे ठामपणे लिहा, भूतकाळात, एकही 'कदाचित' न घालता. ते तुम्ही मोजलंय. पुढचं वाक्य अनुमानाचं: झोपेचा स्मरणशक्तीवर परिणाम होत असावा. इथे 'मे' (may) किंवा 'सजेस्ट' (suggest) हवंच, आणि एकच पुरे. 'मे', 'पर्हॅप्स' आणि 'पॉसिबली' एकाच वाक्यात आले की परीक्षकाला वाटतं, लेखकाचा स्वतःच्या आकड्यांवरच विश्वास नाही. 'प्रूव्ह' हे क्रियापद गणिताबाहेर मी जवळजवळ नेहमीच खोडतो.

दुसऱ्या परीक्षकाचं समाधान आढाव्याच्या भागात करावं लागेल. तिथली क्रियापदं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कुणाच्या निष्कर्षाला 'शो' लावलं की तो तुम्हाला मान्य आहे असं वाचलं जातं. 'क्लेम' लावलं की तुम्ही हात झटकले. तोचतोपणा टाळायला म्हणून दोन्ही आलटूनपालटून वापरली तर वाचकाला उलटसुलट संकेत जातात. प्रत्येक संदर्भापाशी स्वतःला विचारा: हे मला पटतं का, कुठपर्यंत पटतं, यात काय राहून गेलंय? उत्तर एका वाक्यात लिहा. जॉन स्वेल्स यांनी 1990 साली प्रस्तावनेचा जो आराखडा मांडला, त्यात आधीच्या संशोधनातली रिकामी जागा दाखवणं ही स्वतंत्र पायरी आहे, आणि लेखकाचं मत सर्वांत स्पष्ट लागतं ते तिथेच.

'मी' वापरावा का, याचं एकच उत्तर नाही. ज्या नियतकालिकाला पाठवायचंय त्याचे अलीकडचे दहा-बारा निबंध काढा आणि प्रथमपुरुष कुठे येतो ते बघा: पद्धत सांगताना, की दावा करताना? तत्त्वज्ञानात 'मी असं मांडतो' सर्रास चालतं, प्रयोगशाळेच्या विषयांत बहुलेखकी 'आम्ही' रुळलेला आहे. तेच निबंध हाताशी असताना त्यांच्या चर्चेच्या भागातली क्रियापदंही रंगीत पेनाने खुणावा आणि शेजारी स्वतःचा चर्चेचा भाग तसाच खुणावून ठेवा. पहिल्या परीक्षकाला उत्तर देताना कुठलं वाक्य किती खाली आणलं ते पान-ओळीसह लिहा. दुसऱ्याला, आढाव्यात कुठे काय मत घातलं ते. दोन्ही बदल वेगवेगळ्या भागांत असल्यामुळे ते एकमेकांच्या आड येणार नाहीत.