शब्दाला शेपूट नाही, म्हणून जागा बघायची

तुमचा प्रश्न मी असा समजलो: विशेषनाम, भूतकाळी क्रियापद, सर्वनाम, प्रेपोझिशन हे सगळं सुटं सुटं ओळखता येतं, व्याख्याही पाठ आहेत, पण एका वाक्यात आलं की गाडी घसरते. नमुन्याला तुम्ही हे वाक्य दिलंय: ‘यस्टरडे रवी टोल्ड टू नीता दॅट ही डिड नॉट वेन्ट टू होम इन मंडे.’ चार चुका आहेत एवढं तुम्हाला सांगितलं गेलं, का आहेत ते नाही.

व्याख्या जरा बाजूला ठेवा. प्रौढांना इंग्रजी शिकवताना मला व्याख्येमुळे सुधारलेलं वाक्य क्वचितच दिसलंय. त्याऐवजी आधी आपली मराठी काय करते ते बघू.

‘नीताने रवीला पुस्तक दिलं.’ हे ‘रवीला नीताने पुस्तक दिलं’ किंवा ‘पुस्तक दिलं नीताने रवीला’ असं कसंही फिरवा, देणारी नीताच राहते. कारण ‘ने’ आणि ‘ला’ ही शेपटं शब्दाला चिकटलेली आहेत. इंग्रजी नामांची अशी शेपटं गळून पडली आहेत. हजार वर्षांपूर्वी होती. ‘रवीज बुक’मधला शेवटचा ‘ज’ हा त्यातलाच एक उरलेला तुकडा. त्यामुळे ‘नीता गेव्ह रवी अ बुक’ यात नावांची अदलाबदल केली की देणारा बदलतो. क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची, नंतरची कर्माची. बाकी कुणाला वाक्यात यायचं तर बहुतेकदा प्रेपोझिशनचा हात धरून यावं लागतं: ‘टू रवी’, ‘फ्रॉम रवी’, ‘विथ रवी’. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागतं, त्यांचं पुढे, एवढं शाळेत सांगतात. पण त्या छोट्या शब्दाकडे विभक्तीचंही काम आलंय, हे सहसा कुणी सांगत नाही.

आणि इथे सर्वनामाची गंमत आहे. ‘टेबलावर’ म्हणताना टेबलचं ‘टेबला’ होतं, ते सामान्यरूप. इंग्रजीत ‘ऑन द टेबल’, नाम जसंच्या तसं. सर्वनामांनी मात्र जुनी सवय सोडली नाही: ‘ही’चं ‘हिम’, ‘शी’चं ‘हर’, ‘दे’चं ‘देम’. हे त्यांचं सामान्यरूपच समजा. क्रियापदानंतर कर्माच्या जागी किंवा प्रेपोझिशनमागे सर्वनाम आलं की हे रूप. म्हणून ‘नीता वेन्ट विथ हिम’, आणि म्हणूनच ‘बिट्वीन यू अँड मी’. तिथे ‘आय’ घालून वाक्य जास्त सभ्य होत नाही, जरी ऐकायला खूपदा मिळत असलं तरी.

आता तुमच्या वाक्यातला ‘डिड नॉट वेन्ट’. ही चूक आळसातून येत नाही, मराठीतून येते. आपण ‘गेला नाही’ म्हणतो: भूतकाळ मुख्य क्रियापदावर, ‘नाही’ नुसतं मागे उभं. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की ‘डिड’ पुढे येतो आणि भूतकाळाचं ओझं स्वतःकडे घेतो. एकदा ते ओझं उचललं गेलं की ‘गो’ मोकळा. म्हणून ‘ही वेन्ट’, पण ‘ही डिड नॉट गो’. बाकी भूतकाळात त्यांचं क्रियापद आपल्यापेक्षा फार सोपं. आपल्याकडे पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, निबंध लिहिला. त्यांच्याकडे तिन्हींना ‘रोट’. कर्ता बदलला तरी रूप बदलत नाही, अपवाद फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’चा.

‘टोल्ड टू नीता’मध्ये ‘नीताला’तला ‘ला’ भाषांतरित झालाय. ‘टोल्ड’ला माणूस थेट शेजारी लागतो. ‘सेड’ला मात्र मध्ये ‘टू’ लागतो. अर्थ जवळपास तोच, वागणं वेगळं, आणि यामागे पटेल असं कारण शोधत बसू नका. ‘रीच्ड’, ‘एन्टर्ड’, ‘डिस्कस्ड’, ‘मॅरीड’ यांनाही कर्म थेट हवं. ‘डिस्कस्ड अबाउट’ हे आपल्या ‘विषयी चर्चा केली’चं भूत आहे. उलट ‘गाणं ऐकलं’ यात आपल्याकडे काहीच नाही, तिथे ‘लिसन्ड टू’ हवा. म्हणून क्रियापद वहीत लिहाल तेव्हा त्याचं प्रेपोझिशन सोबत लिहा, किंवा ‘काही नाही’ असं लिहा.

‘होम’ला गेल्याच्या अर्थी ‘टू’ नको. तो तिथे नाम नसतोच, आपल्या ‘घरी’सारखं क्रियाविशेषण असतो. वाराला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’, घड्याळातल्या वेळेला ‘ॲट’. ‘यस्टरडे’ किंवा ‘लास्ट मंडे’ला काहीच नाही.

विशेषनामाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मोठं अक्षर (वार आणि महिन्यांनाही), माणसाच्या नावाआधी सहसा ‘द’ नाही. नद्या आणि पर्वतरांगांना मात्र असतो, जसं ‘द थेम्स’, ‘दि आल्प्स’. एक सवय मोडावी लागते: ‘सर आले, त्यांनी सांगितलं’ हे आपलं आदरार्थी बहुवचन. एका सरांसाठी त्या आदरापोटी ‘दे’ लिहिलं तर वाचणारा आणखी माणसं शोधायला लागतो. तिथे ‘ही’ म्हणणं उद्धटपणा नव्हे.

खरी खोल जागा आहे ‘हिज’ आणि ‘हर’. ‘तिचा भाऊ’ यात ‘ति’ मालकिणीची आणि ‘चा’ भावाचा. इंग्रजीत फक्त मालकाचं लिंग बघायचं. आपलं लक्ष ‘चा’वर जातं आणि ‘नीता कॉल्ड हिज ब्रदर’ असं लिहून बसतो. शिवाय आपल्याकडे ‘आपला’ आहे. ‘रवीने सुनीलला आपल्या भावाचा नंबर दिला’ म्हटलं की भाऊ रवीचा. ‘त्याच्या भावाचा’ म्हटलं की बहुधा सुनीलचा किंवा तिसऱ्याच कुणाचा. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘हिज’. ‘रवी गेव्ह सुनील हिज ब्रदर्स नंबर’ यातला भाऊ कुणाचा, हे इंग्रजांनाही सांगता येणार नाही. अशा वेळी बिनधास्त नाव पुन्हा लिहा, ‘सुनील्स ब्रदर’ म्हणा. सर्वनाम वापरायचं ते आधीच्या नावांपैकी एकालाच बसत असेल तेव्हा. तुमच्या वाक्यात ‘ही’ चालतो तो रवीबरोबर नीता आहे म्हणून. तिथे सुनील असता तर अडलं असतं.

तर तुमचं वाक्य: ‘यस्टरडे रवी टोल्ड नीता दॅट ही डिड नॉट गो होम ऑन मंडे.’ सांगण्याआधी न जाणं घडलं हे ठळक करायचं असेल तर ‘हॅड नॉट गॉन होम’ लिहा. परीक्षेत तेच मागतील, बोलताना पहिलंही चालतं.