पाटीवरचं ‘डॉ.’

“बाहेरून गेलेल्या माणसाला तिकडं मेडिकलला घेतात का ओ मॅडम?”

विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात, क्वचित सासरे. मुलगी किंवा सून टोरांटोला नाहीतर न्यू जर्सीला, आणि काळजी इथं सांगलीत. मिरजेत १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मिशन हॉस्पिटल तर १८९४ सालचं. त्यामुळे आमच्याकडे डॉक्टर होणं ही शेजारच्या गल्लीतली गोष्ट वाटते. परदेशात तिचा रस्ता कुठून जातो हे मात्र कुणी नीट सांगत नाही, आणि सांगतात ते व्हॉट्सअॅपवर सांगतात.

त्यातली एक हकीकत लिहिते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावाऐवजी तिला डॉक्टरीणबाई म्हणते, कारण तिच्या गल्लीत तिला तेच म्हणत.

वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पिशवीला हळदीचा वास. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी मोबाईलवरचा फोटो माझ्यासमोर धरला. पितळी पाटी, तिच्यावर ‘डॉ.’, मुलीचं नाव, खाली बी.ए.एम.एस., म्हणजे आयुर्वेदाची पदवी.

“ही पाटी अजून दारावर हाय. रोज पुसतो मी. आणि पोरगी म्हणती, बाबा, काढून टाका ती.”

मुलीनं तासगावात साडेतीन वर्षं दवाखाना चालवला होता. लग्न होऊन कॅनडात गेली, ओंटारिओत. नवरा-बायको दोघांना पीआर, म्हणजे तिथं कायम राहायचा हक्क, मिळाला. ती एका औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करत होती. वय ३१, पदरात तीन वर्षांची मुलगी. आता तिला तिथल्या मेडिकल कॉलेजला अर्ज करायचा होता, म्हणजे पहिल्यापासून, पहिल्या वर्षाला. वडिलांना ते ऐकूनच धाप लागली होती. “शिकलीया की एकदा. परत कशाला?”

तिच्याशी बोलणं व्हिडिओवर व्हायचं. आमची संध्याकाळ सात म्हणजे उन्हाळ्यात तिची सकाळ साडेनऊ. पहिल्याच दिवशी मी चूक केली. तिचं पुरतं ऐकून न घेता तिला पर्याय मोजून दाखवले. नर्सिंग आहे, फिजिशियन असिस्टंट आहे, हॉस्पिटलचं व्यवस्थापन आहे. वयाचा, मुलीचा, खर्चाचा विचार करता हे बरं पडेल, असं मीच ठरवून टाकलं. ती शांतपणे “बरं मॅडम” म्हणाली आणि पाच आठवडे तिचा फोन आला नाही. समुपदेशनात ‘बरं मॅडम’ ऐकू आलं की समजावं, आपण समोरच्या माणसाशी नाही, स्वतःशीच बोलत होतो.

पाच आठवड्यांनी तिचाच मेसेज आला. काउंटरवर एका मराठी आजींनी तिला “तुम्ही काय करता?” असं विचारलं, ती सवयीनं “मी डॉक्टर आहे” म्हणाली, आणि शेजारच्या सहकारी मुलीनं हळूच सांगितलं की इथं असं म्हणू नकोस. ते खरंच होतं. ओंटारिओत १९९१ चा आरोग्यव्यवसायांचा कायदा आहे. रुग्णसेवेच्या संदर्भात ‘डॉक्टर’ ही उपाधी ठराविक व्यवसायांच्या नोंदणीकृत माणसांनीच लावायची. फिजिशियन, दंतवैद्य, मणक्यांचे कायरोप्रॅक्टर, डोळ्यांचे ऑप्टोमेट्रिस्ट अशी ती मोजकी यादी आहे. आयुर्वेद त्या यादीत नाही. त्या रात्री तिनं वडिलांना पाटी काढायला सांगितलं होतं.

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. आधी कागद, कारण तिचा अर्धा घोळ कागदाचाच होता.

नातेवाइकांनी तिला सांगितलं होतं की तिकडं परीक्षा दिली की झालं; अमक्याचा मुलगा नाही का, एमबीबीएस करून गेला आणि लागला. तो रस्ता एमबीबीएसवाल्यांचा. त्यांनी कॅनडाच्या मेडिकल कौन्सिलच्या परीक्षा द्यायच्या आणि रेसिडेन्सीच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या पुढच्या प्रशिक्षणाच्या, जागेसाठी झगडायचं. तेही सोपं नाही. बी.ए.एम.एस.ला त्या दारातून आत घेतच नाहीत. हे स्पष्ट सांगितल्यावर ती रडली नाही, उलट मोकळी झाली. दोन वर्षं ती त्याच दारासमोर उभी राहून आपलं काहीतरी कमी पडतंय असं समजत होती. कमी काही पडत नव्हतं, ते दार तिचं नव्हतंच.

दुसरं दार म्हणजे तिथल्या मेडिकल स्कूलचं. तिथं मेडिकल हे बारावीनंतर नसतं, साधारणपणे आधी पदवी लागते. आणि बहुतेक जागा नागरिकांसाठी आणि पीआर असलेल्यांसाठी असतात. स्टडी परमिटवरच्या मुलांना ते दार जवळजवळ बंदच. म्हणून मी आता कुठल्याही पालकाला पहिलं हेच विचारते: मुलीकडे कागद कोणता? टक्के नंतर सांगा. अमेरिकेतले पालक विचारतात तेव्हा आणखी एक सांगावं लागतं. तिथं अनेक कॉलेजं नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच घेतात, थोडी इतरांना घेतात. आणि एच-फोर व्हिसावर आईवडिलांसोबत आलेल्या मुलाचा तो दर्जा २१ व्या वर्षी संपतो. मग त्याला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो, सरकारी शैक्षणिक कर्जही मिळत नाही. मूल हुशार असूनही हे होतं, आणि मूल मात्र आपण हुशार नाही असं धरून बसतं.

डॉक्टरीणबाईंकडे पीआर होतं. म्हणजे प्रवेशाच्या रांगेत उभं राहायचा हक्क होता. ओंटारिओतल्या सगळ्या मेडिकल स्कूल्सचा अर्ज ओमसास नावाच्या एकाच खिडकीतून जातो, मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन वेस या संस्थेकडून करून घ्यावं लागतं, आणि गुणपत्रकं विद्यापीठाच्या सीलबंद लिफाफ्यात जावी लागतात. तिचं विद्यापीठ नाशिकचं, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. दिवाणजी एसटीनं नाशिकला दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला लिफाफ्याची पावती मला दाखवायला आले तेव्हा “कशाला परत शिकायचं” हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलेलं होतं. कामाला लागलेला माणूस काळजी करायला मोकळा राहत नाही.

प्रत्येक शाळेच्या अटी वेगळ्या आणि त्या दरवर्षी हलतात. हॅमिल्टनची मॅकमास्टर ही तीन वर्षांचा अभ्यासक्रम चालवते आणि एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेतला एकच भाग बघते, उताऱ्यांवरच्या विचाराचा, ज्याला कार्स म्हणतात. काही शाळा एमकॅटचे चारही भाग मागतात, काही ठिकाणी परदेशी पदवी एकटी पुरत नाही. तिनं वही केली. एका पानावर एक शाळा, तारीख घालून, आणि त्या शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून वाचलेलं तेवढंच लिहायचं. ऐकीव काही लिहायचं नाही हा नियम माझा.

वयाचा हिशोबही कागदावर मांडला. तीन किंवा चार वर्षं शिक्षण, फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी दोन वर्षं. प्रवेश ३३ व्या वर्षी मिळाला तर ३८ नाहीतर ३९. तिचा नवरा पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आला आणि म्हणाला, “ती काही न करताही ३९ ची होणारच आहे.” मला ते वाक्य आवडलं, पण मी त्याला लगेच विचारलं की मुलीला पाळणाघरातून आणायचं कोण? पीआर असल्यानं ओंटारिओच्या शैक्षणिक कर्जाला अर्ज करता येतो, बँकाही मेडिकलच्या विद्यार्थ्यांना लाईन ऑफ क्रेडिट देतात. पैशाची वाट निघते. संध्याकाळी साडेपाचला पाळणाघराच्या दारात कोण, याची वाट घरातच काढावी लागते. त्यानं त्याची शिफ्ट बदलून घेतली, तेव्हा कुठं माझा त्याच्यावर विश्वास बसला.

हे सगळं झालं तरी माझ्या मनातली एक गोष्ट तिला विचारायची राहिली होती, आणि ती विचारायला मला धीर गोळा करावा लागला. तुला रुग्ण बघायचे आहेत की पाटी परत हवी आहे?

तोंडावर विचारलं असतं तर ती दुखावली असती. म्हणून तिला घरचा अभ्यास दिला. तासगावच्या दवाखान्यातला एक दिवस लिही, पानभर, मराठीत. अट एकच, ‘डॉक्टर’ हा शब्द वापरायचा नाही.

तिनं पाच पानं लिहिली. द्राक्षबागेचा हंगाम, फवारणी करून आलेला मजूर, डोकं गच्च, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ. ती प्रत्येकाला म्हणायची, आधी बाटली घेऊन ये. बाटलीवरचं औषधाचं नाव वहीत उतरवून घ्यायची आणि चिठ्ठीवर तेच लिहून माणसाला मिरजेला पाठवायची. एकाला असंच दुपारी जीपमध्ये घालून पाठवलं. शेवटी एक ओळ होती: ‘पुढं त्याचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. मला त्या जीपमध्ये बसून पुढं जायचं होतं.’

मी तो कागद दोनदा वाचला. नंतर पाटीबद्दल तिला काही विचारायची गरज पडली नाही. तिनं अर्जासाठी आधी जे लिहून ठेवलं होतं ते मात्र तसल्या अर्जांत असतं तेच होतं: लहानपणापासून सेवा करायची इच्छा, आयुर्वेदाची थोर परंपरा, नव्या देशातला संघर्ष. तिला वाटायचं, आपण परक्या आहोत हेच आपलं भांडवल. मला तसं वाटत नाही. स्थलांतरितांच्या अर्जांत संघर्ष असणारच. ‘बाटली घेऊन ये’ म्हणणारी मात्र दुसरी कोण असणार? ते पान तिनं इंग्रजीत नव्यानं लिहिलं.

कार्सचा सराव आम्ही आमच्या पद्धतीनं केला. ५३ प्रश्न, ९० मिनिटं, उतारे कलेवर, तत्त्वज्ञानावर, समाजावर. विज्ञानाचं एक अक्षर नाही. आपल्याकडची हुशार मुलं इथंच आपटतात. ती रोज एक इंग्रजी लेख वाचायची आणि लेखकाचं म्हणणं मला तीन मराठी वाक्यांत व्हॉइस मेसेजवर पाठवायची. सुरुवातीला तिसऱ्या वाक्यात तिचं स्वतःचं मत शिरायचंच. “हे तुझं झालं, त्याचं सांग,” एवढंच मी लिहायची. अडीच महिन्यांनी माझा हा मेसेज लागेनासा झाला. त्या भागाचे गुण ११८ ते १३२ असे मोजतात; पहिल्या खेपेला १२४ आले, वर्षभरानं १२७.

पहिल्या वर्षी तिला एकाही शाळेनं मुलाखतीला बोलावलं नाही. हेही लिहिलंच पाहिजे, कारण अशा हकिकतींत ते गाळायची रीत आहे. तिनं फोन केला नाही, नकारांची यादी वहीतल्या त्या-त्या पानावर तारखेनिशी लिहिली आणि वहीचा फोटो पाठवला. दुसरा अर्ज गेला आहे. दुकानातलं काम सोडून ती आता एका क्लिनिकमध्ये सहायक आहे, आणि रुग्णांना स्वतःचं नुसतं नाव सांगते. सांगलीतली पाटी दिवाणजींनी काढलेली नाही. तिनंही पुन्हा तो विषय काढला नाही.

राहता राहिली एक गंमत. त्या अर्जात आजवर केलेल्या कामांची नोंद करावी लागते आणि ते काम खरंच केलं हे सांगणारा एक माणूस, त्याच्या संपर्कासह, द्यावा लागतो. तासगावच्या आधी ती सांगलीत ज्या जुन्या वैद्यांकडे उमेदवारी करायची, त्यांचं नाव तिनं दिलं. वैद्यबुवा सत्तरीचे. दिवाणजी त्यांना स्कूटरवर मागं बसवून माझ्याकडे घेऊन आले.

“कॅनडातनं फोन आला तर इंग्रजीत काय बोलायचं ते लिहून द्या,” वैद्यबुवा म्हणाले.

मी म्हटलं, “काही लिहून नको. ती तुमच्याकडे किती दिवस होती, काय करायची, जे खरं ते सांगा.”

त्यांनी जरा विचार केला. “खरं सांगायचं तर पोरगी रोज उशिरा यायची,” ते म्हणाले, “पण शेवटचा पेशंट गेल्याबिगर कधी घरी गेली नाही. हे दोन्ही सांगू?”

दिवाणजी माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, दोन्ही सांगा.