वाचकांचे प्रश्न : नवे विंडोज, जुने सॉफ्टवेअर

प्रश्न : निपाणीत आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, मराठी-कन्नड हँडबिले अशी कामे असतात. विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून मागच्या आठवड्यात त्याच संगणकावर विंडोज ११ घातले. पानांच्या मांडणीचा पेजमेकर ७ उघडतो, पण सेव्ह केलेली फाइल फोल्डरमध्ये दिसतच नाही. मराठी फॉन्टच्या पॅकेजचा यूएसबी लॉकही (तो लावल्याशिवाय पॅकेज चालत नाही) सापडत नाही, असा संदेश येतो. काय करावे?

उत्तर : अपग्रेडला दहा दिवस झाले नसतील, तर मागे फिरण्याची वाट अजून उघडी आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या मार्गाने 'गो बॅक' निवडले की विंडोज १० परत येते. तोवर डिस्क क्लीनअप चालवू नका. त्यात 'विंडोज.ओल्ड' फोल्डर पुसले गेले की ही सोय संपते. मात्र विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून परत जाणे हा काम मार्गी लावण्यापुरता उपाय समजा.

तुमच्या फायली हरवलेल्या नाहीत. आपण त्या पेजमेकरच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे 'प्रोग्राम फाइल्स'च्या आत सेव्ह करत असणार. तिथे जुन्या प्रोग्रामला लिहू देत नाहीत. विंडोज ती फाइल गुपचूप दुसरीकडे वळवते. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून लपलेल्या गोष्टी दाखवा, मग सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचे नाव, अॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर असे आत जा. तिथे सगळे सापडेल. ते डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये हलवा आणि यापुढे तिथेच सेव्ह करा. पेजमेकरही काढून थेट सी ड्राइव्हवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये पुन्हा बसवा, 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये नको. त्याच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी टॅबवर 'विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३' निवडा.

लॉकचे दुखणे वेगळे. त्याला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते उपकरण ओळखू देणारा प्रोग्राम लागतो, आणि कंपॅटिबिलिटी मोड ड्रायव्हरला लागू होत नाही. त्यामुळे तो टॅब कितीही बदलला तरी लॉक दिसणार नाही. आधी लॉक काढून ठेवा, जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, संगणक रीस्टार्ट करा. लॉक बनवणाऱ्या कंपनीचा ६४-बिटचा नवा ड्रायव्हर बसवा आणि लॉक शेवटी लावा. क्रम उलटला तर विंडोज मधेच भलताच ड्रायव्हर जोडते. तरीही डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण राहिली, तर विंडोज सिक्युरिटीमधील 'कोअर आयसोलेशन'खालची 'मेमरी इंटिग्रिटी' तपासा. ती जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करून काम होते, पण संरक्षण कमी होते. लॉक चुकवण्यासाठी इंटरनेटवरून मिळणारा 'क्रॅक' कधीही घालू नका. व्हायरस बहुधा तिथूनच शिरतो आणि छापखान्याच्या संगणकावर गिऱ्हाइकांची कागदपत्रे असतात.

लॉक अजिबात दाद देत नसेल, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) ३२-बिट विंडोज ७ बसवा. २ जीबी रॅम आणि ४० जीबी जागा पुरते. त्याचा परवाना वेगळा हवा. यूएसबी मेनूमधून लॉक आतल्या विंडोजला द्या आणि आतले नेटवर्क बंद ठेवा.

खरी काळजी पुढची आहे. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची प्रमाण पद्धत, कळत नाही. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर आलेला मराठी मजकूर त्यात चिकटवला की प्रश्नचिन्हे उमटतात. पेजमेकरची जागा घेतलेल्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फायली उघडणारी शेवटची आवृत्ती सीएस६. ती नसेल तर लिबरऑफिस ड्रॉ पेजमेकरची फाइल उघडते. मांडणी थोडी सरकते, पण मजकूर हाती लागतो. पुढच्या कामांसाठी इनडिझाइन वापरणार असाल, तर परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडणे विसरू नका, नाहीतर वेलांटी आणि जोडाक्षरे तुटतात.

दोन भाषांच्या पत्रिकेत मराठी आणि कन्नड ओळी एकाच चौकटीत असतात. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलताना आधी त्या वेगळ्या करा. मराठीच्या कन्व्हर्टरमधून नुडी या कन्नड सॉफ्टवेअरची अक्षरे गेली तर केरकचरा निघतो. कन्नड भाग नुडीच्या स्वतंत्र कन्व्हर्टरने बदला. मराठी तपासताना रफार, 'ऱ्या' आणि पहिली वेलांटी यांवर डोळे ठेवा, चुका बहुधा तिथेच राहतात. आणि प्रत्येक महत्त्वाच्या जुन्या फाइलची पीडीएफ लॉक चालतो आहे तोवर काढून ठेवा.

प्रश्न : चिकोडी भागात आमचा तंबाखूचा व्यापार आहे. हिशेब डॉसवरच्या फॉक्सप्रोत आहेत, बिले डॉट मॅट्रिक्सवर छापतो. नव्या संगणकावर 'हे अॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही' असे येते.

उत्तर : ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिटचे डॉस प्रोग्राम चालवणारा भागच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. सेटिंग्ज बदलून यावर इलाज होत नाही. विंडोजमध्ये डॉस चालवणारे वेगळे प्रोग्राम मिळतात, पण गेमसाठी बनलेल्या साध्या डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही. डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस घ्या. व्हीडॉस तर डॉसवरच्या व्यावसायिक प्रोग्रामसाठीच बनले आहे. प्रिंटर यूएसबीचा असेल तर छपाई आधी निवडलेल्या प्रोग्रामच्याच सेटिंगमध्ये विंडोजच्या प्रिंटरकडे वळवा आणि एक बिल छापून बघा.

चालू वर्षाचे काम असे भागेल. जुन्या वर्षांची फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडते. मात्र मूळ फाइल तिथून सेव्ह करू नका. त्याने नोंदी शोधायला लागणारी इंडेक्स फाइल बदलत नाही, आणि फॉक्सप्रो पुढे चुकीच्या नोंदी दाखवू लागते. प्रत काढून ती स्प्रेडशीट म्हणून ठेवा.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतील वर्कशॉपमध्ये सीएनसीला (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारे मशिन) प्रोग्राम पाठवतो. अपग्रेडनंतर यूएसबी-टू-सिरियल केबल 'फेज्ड आउट सिन्स २०१२' असे दाखवते.

उत्तर : केबलमधील प्रोलिफिकची पीएल२३०३ चिप जुन्या पिढीची आहे. नवा ड्रायव्हर तिला मुद्दाम नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', मग यादीतून निवडून आधीची आवृत्ती लावली तर चालते, पण विंडोज अपडेट ती पुन्हा बदलू शकते. एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या चिपची केबल घेणे सोपे. पाठवणारे सॉफ्टवेअर जुने असेल तर त्याला कॉम १ ते ४ एवढेच पोर्ट दिसतात. पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये क्रमांक खाली आणा. बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट मशिनच्या पॅरामीटरशी तंतोतंत जुळले पाहिजेत. ४८००, ७, इव्हन, २ हे फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर नेहमी दिसते, तरी पॅरामीटर बघूनच भरा. केबल लावताना-काढताना मशिन आणि संगणक दोन्ही बंद ठेवा, अर्थिंगमधल्या फरकाने पोर्ट जळतो.