परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी देतात त्या जीआरई परीक्षेचा निबंध कॉम्प्युटर तपासतो म्हणे. मग जड शब्द घालून लांबलचक लिहिलं की झालं का?

निम्मं खरं आहे. तुमचा निबंध आधी माणूसच वाचतो आणि ० ते ६ मध्ये गुण देतो. मग तो ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या ‘ई-रेटर’ या गुण देणाऱ्या प्रोग्रामकडे जातो. दोघांचे गुण जवळपास जुळले तर प्रश्न मिटला, नाही जुळले तर दुसरा माणूस वाचतो. आपल्या बोर्डाचा पेपर परीक्षकानंतर नियामकाकडे जातो, तसंच काहीसं समजा.

लांबीची अफवा मात्र उगाच उठलेली नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत एलिस पेज या संशोधकांनी निबंध पंच कार्डांवर, म्हणजे भोकं पाडलेल्या जाड कागदी कार्डांवर, उतरवून कॉम्प्युटरला दिले. यंत्राला विचार मोजता येईना, म्हणून विचारासोबत सहसा जे येतं ते मोजायचं ठरलं : शब्दसंख्या, शब्दांची लांबी, स्वल्पविराम. हे चालतंही, पण शाळा बुडवायला पोरगं थर्मामीटर चहात बुडवतं ना, तसं कोणी करेपर्यंतच. एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये नेमकं तेच केलं. दोन-तीन शब्द दिले की व्याकरणशुद्ध बडबड लिहून देणारा ‘बेबल’ नावाचा प्रोग्राम त्यांनी विद्यार्थ्यांसोबत बनवला, आणि त्या बडबडीला ई-रेटरने भरघोस गुण दिले! पुढे असे निबंध ओळखायच्या युक्त्या ईटीएसच्याच संशोधकांनी शोधल्या, त्यामुळे त्या वाटेने जाऊ नका.

मी पुण्यात जीआरईच्या लेखनाचे क्लास घेतो. एका मुलाला सरावाच्या सॉफ्टवेअरने ५ दिले होते. वाचायला घेतलं तर ‘मोअरओव्हर’, ‘प्लेथोरा’, ‘पॅराडाइम’, आणि तिन्ही परिच्छेदांत एकच वाक्य कपडे बदलून आलेलं. विषय होता सरकारने शहरांवर जास्त खर्च करावा का. कच्च्या कागदावर एक ओळ खोडलेली दिसली : गावची सकाळची एसटी बंद झाली आणि वर्गातल्या दोन मुलींचं कॉलेज सुटलं. का खोडलीस, विचारलं. म्हणाला, ‘‘सर, त्यात सगळे सोपेच शब्द होते.’’

ती ओळ परत घालायला लावली आणि अख्खा परिच्छेद तिच्यावर उभा केला. वाचणाऱ्या माणसाला धरायला तिथे काहीतरी मिळालं.

लांबीचं म्हणाल तर ३० मिनिटांत चार-पाच भरीव परिच्छेद टाइप व्हायला हवेत. रोज घड्याळ लावून बसा, आणि स्पेलचेक बंद ठेवा. परीक्षेत तो नसतो.