‘आता पुढे काय वाचू?’ : फँटसीच्या वाचकांची पत्रे

गेल्या अंकातल्या फँटसीवरील टिपणाच्या शेवटी मी वाचकांना आपले आवडते लेखक कळवण्याची आणि पुढच्या वाचनाबद्दल प्रश्न विचारण्याची विनंती केली होती. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा मजकूर एकच आहे: अमुक पुस्तक फार आवडले, तसेच आणखी एखादे सुचवा. अडचण ‘तसेच’ या शब्दात आहे. एकाच पुस्तकात एकाला प्रवास आवडलेला असतो, दुसऱ्याला मैत्री आणि तिसऱ्याला सुरुवातीचा नकाशा. त्या तिघांना एकच नाव सांगितले, तर त्यांतले दोघे तरी ते पुस्तक पन्नासाव्या पानावर मिटून ठेवतील. म्हणून आपण कुठे रमलो आणि कुठे अडलो हे ज्यांनी लिहिले आहे, त्यांचीच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असताना हॅरी पॉटरचे सातही भाग दोनदा वाचून काढले. सगळेच सांगतात म्हणून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ दोन वेळा हाती घेतले आणि दोन्ही वेळा शंभर पानांच्या आत थांबलो. वाढदिवसाची मेजवानी, वंशावळी, पाइप ओढणे, यातून कथा पुढे सरकतच नाही. माझ्यातच काही उणे आहे का? (नाशिक)

उत्तर : उणे काही नाही, आणि तुमची तक्रार अगदीच निराधारही नाही. मेजवानी झाल्यापासून कथानायक फ्रोडो घराबाहेर पाऊल टाकेपर्यंत कथेतली सतरा वर्षे उलटतात. लेखक टॉल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते, जुन्या भाषांचे अभ्यासक होते; त्यांनी आधी भाषा रचल्या आणि त्या बोलणारी माणसे कुठेतरी नांदायला हवीत म्हणून नंतर जग रचले. साहजिकच तिथल्या ओढ्यांना आणि टेकड्यांनाही पूर्वेतिहास आहे आणि लेखकाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. तिसऱ्या प्रयत्नात हॉबिट या ठेंगू लोकांच्या चालीरीतींवरचे आरंभीचे प्रकरण सरळ सोडून द्या आणि ब्री गावच्या खाणावळीपर्यंत नेट धरा. तिथे कोपऱ्यात, चेहऱ्यावर टोपडे ओढून, लांब नळीचा पाइप ओढत एक मळकट प्रवासी बसलेला आहे. तो बोलू लागल्यावरही तुम्हाला पुढे वाचावेसे वाटले नाही, तर पुस्तक खुशाल परत करा. त्याआधी १९३७ सालचे ‘द हॉबिट’ वाचलेत तर वाट अधिक सोपी होईल. इंग्रजीचाच कंटाळा येत असेल, तर मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये, त्यांच्या मुलाने सिद्ध केलेल्या ‘द सिल्मरिलियन’ला एवढ्यात हात लावू नका, ते पुराण आहे आणि पुराण आधी ओढ लागल्यावरच वाचवते.

पण तुम्हाला पॉटरमधली शाळा आवडली, असे तुम्ही पत्रात पुढे लिहिले आहे. मग टॉल्किनची वाट बाजूला ठेवून उर्सुला ले ग्विन यांचे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ घ्या. जादूगारांची शाळा त्यातही आहे आणि ते पुस्तक १९६८ चे, म्हणजे पहिल्या पॉटरच्या एकोणतीस वर्षे आधीचे आहे. त्यातला एक प्रसंग मी कितीतरी जणांना वाचून दाखवला आहे. गेड नावाचा तेरा वर्षांचा मुलगा ओगियन या थोर जादूगाराचा शिष्य होऊन त्याच्याबरोबर डोंगरातून चालला आहे. त्या बेटावर जादूगार उदंड. जो तो मंत्र म्हणून आपल्या डोक्यावरचा पावसाचा ढग शेजाऱ्याकडे ढकलतो, शेजारी पुढच्याकडे, आणि असा धक्के खात खात तो बिचारा ढग एकदाचा समुद्रावर जाऊन निवांत बरसतो. ओगियन मात्र पावसाला पडेल तिथे पडू देतो आणि एका दाट झाडाखाली जाऊन आडवा होतो. भिजून कुडकुडणारा गेड मनाशी म्हणतो की, वापरायचीच नसेल तर ही विद्या मिळवायची कशाला? पुढची सारी कथा या प्रश्नाचे उत्तर आहे आणि ते उत्तर दोनशेच्या आसपास पानांत आटोपते. पहिली तीन पुस्तके १९७२ पर्यंत आली. त्यानंतर अठरा वर्षांनी आलेल्या ‘तेहानू’त ले ग्विन यांनी तेच जग एका मध्यमवयीन विधवेच्या स्वयंपाकघरातून आणि गोठ्यातून दाखवले. ते माझे सर्वांत आवडते. पण विशीत वाचले असते तर कंटाळले असते, हेही कबूल करते.

प्रश्न : जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पाचवा भाग २०११ मध्ये आला. त्याच वर्षी पॅट्रिक रॉथफस यांच्या त्रयीचा दुसरा भाग आला. दोघांचाही पुढचा भाग अद्याप नाही. पहिल्या भागाच्या वेळी मी महाविद्यालयात होतो, आता माझी मुले शाळेत जातात. अपूर्ण मालिकेला यापुढे हात लावायचा नाही, असे मी ठरवले आहे. पूर्ण झालेले आणि मन गुंतवणारे काही सांगावे. (पुणे)

उत्तर : आपला संताप रास्त आहे, निर्णय मात्र थोडा सैल ठेवावा, असे सुचवते. मार्टिन यांचे पहिले तीन भाग १९९६ ते २००० या चार वर्षांत आले. चौथ्याला पाच वर्षे लागली आणि पाचव्याला आणखी सहा, कारण दरम्यान कथेला इतक्या फांद्या फुटल्या की त्या एका बुंध्याशी आणणेच अवघड होऊन बसले. तिसरा भाग हा त्या मालिकेचा कळस आहे आणि तिथे थांबणाऱ्या वाचकाचे फारसे नुकसान होत नाही, असे माझे मत आहे. अनेकांना ते पाखंड वाटेल. ‘व्हील ऑफ टाइम’चे लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी, ज्या त्यांच्या संपादकही होत्या, त्यांनी उरलेले काम ब्रँडन सँडरसन यांच्याकडे सोपवले आणि २०१३ मध्ये चौदाव्या खंडाने मालिका पूर्ण झाली. ती पूर्ण असली तरी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बापाला चौदा ठोकळे सुचवण्याचे धाडस मला होत नाही. मधल्या दोन-तीन खंडांत पात्रे चालण्यापेक्षा कपडेच अधिक बदलतात.

आपल्याला हवे आहे ते रॉबिन हॉब यांच्याकडे सापडेल. ‘असॅसिन्स अप्रेंटिस’ या १९९५ च्या कादंबरीने त्यांच्या त्रयीची सुरुवात होते. सहा वर्षांच्या एका पोराला त्याचा आजोबा हाताला धरून लष्करी ठाण्याच्या दारात आणतो, हा तुमच्या युवराजाचा अनौरस मुलगा, आता तुम्हीच सांभाळा, असे पहारेकऱ्याला सांगतो आणि निघून जातो. त्या रात्री त्या पोराला तबेल्यात कुत्र्यांच्या उबेला झोपवतात. त्या राजघराण्यात मुलांना सद्गुणांची नावे ठेवण्याची रीत आहे; एकाचे नाव सत्य, दुसऱ्याचे दाक्षिण्य. या पोराला मात्र नावच नाही. पुढे त्याला ‘फिट्झ’ म्हणतात, ज्याचा अर्थच अनौरस असा आहे. युद्ध, राजकारण, ड्रॅगन सगळे आहे, पण मन अडकते ते या मुलाच्या एकाकीपणात. हॉब घाई करत नाहीत, आणि आपल्या पात्रांना दुःख देताना हात आखडताही घेत नाहीत, हे मात्र आधीच सांगून ठेवते. फिट्झच्या तीन त्रयी आहेत. शेवटची २०१७ मध्ये संपली, म्हणजे खरोखरच संपली.

प्रश्न : जादूला फार नियम लावले की ती प्रयोगवहीसारखी वाटू लागते, असे आपण गेल्या अंकात लिहिले होते. हे विधान मला मान्य नाही. सँडरसन यांची ‘मिस्टबॉर्न’ मालिका आपण वाचली नसावी. (कोल्हापूर)

उत्तर : वाचली आहे, आणि आपल्या पत्रानंतर पहिला भाग पुन्हा चाळला. त्यातली माणसे धातूचे कण गिळतात आणि पोटात ते ‘जाळून’ शक्ती मिळवतात. पोलाद जाळले की आसपासचा धातू दूर ढकलता येतो. पण समोरची वस्तू हलणारी नसेल, तर धक्का ढकलणाऱ्यालाच बसतो. म्हणून नायिका खाली नाणे टाकते, ते जमिनीला टेकले की त्याला ढकलते आणि स्वतः छपरावर उडते. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत रुक्ष वाटला असेल, तर या पानांवर तो वाटत नाही. नियम ठाऊक असल्यामुळेच तिच्या थैलीतली नाणी संपत आली की आपला जीव टांगणीला लागतो. तेव्हा आपले म्हणणे निम्मे मान्य. जादूने संकट सोडवायचे असेल तर वाचकाला तिची मर्यादा आधी कळली पाहिजे, हा सँडरसन यांचा आग्रह योग्यच आहे. पण ज्या कथेत जादूने संकट सुटत नाही, उलट ओढवते, तिथे नियमांच्या यादीने काही साधत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या गॅन्डाल्फ या जादूगाराला नेमके काय काय येते, हे टॉल्किननी कुठेही मांडून ठेवलेले नाही आणि त्यामुळे त्याचा दरारा तसूभरही कमी झालेला नाही.

प्रश्न : आमची चौदा वर्षांची मुलगी फँटसी भरपूर वाचते, पण सगळीकडे युरोपातलेच किल्ले आणि सरदार का, असे विचारते. आपल्या मातीतले काही आहे का? तिला मराठी वाचता येते, पण सावकाश. (न्यू जर्सी)

उत्तर : तिचा प्रश्न मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर थेट आपल्या पैठणपाशी जाते. सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीत गुणाढ्याने ‘पैशाची’ या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली आणि राजाने ती नाकारली, अशी आख्यायिका आहे. तेव्हा तो रानात अग्नी पेटवून बसला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळू लागला. ऐकताना प्राणी चरायचे विसरले. राजाला हे कळून तो धावत आला, तोवर सातांपैकी एकच लाख श्लोक उरले होते. पुढे मूळ ग्रंथही लुप्त झाला, आणि अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने त्याच्या आधारे ‘कथासरित्सागर’ रचला. विद्याधर, वेताळ, उडती नगरे, कथेच्या पोटात कथा, सारे काही त्यात आहे. मुलीला त्याची एखादी निवडक इंग्रजी आवृत्ती द्या आणि वेताळाच्या पंचवीस गोष्टी मराठीत तुम्ही स्वतः वाचून दाखवा. चांदोबावर वाढलेल्या आईबापांना ते जड जाऊ नये.

आरंभीची मराठी कादंबरीही अद्भुतात रमली होती: १८६१ ची ‘मुक्तामाला’, १८६८ ची ‘मंजुघोषा’, पुढे १९१३ मध्ये नाथमाधवांची ‘वीरधवल’. नंतर कादंबरी सामाजिक आणि ऐतिहासिक झाली आणि मोठ्यांसाठी अद्भुत लिहिणे पोरकट ठरले. या गोष्टीची मला आजही हळहळ वाटते. ‘वीरधवल’ची भाषा तुमच्या मुलीला आज झेपणार नाही. अमीश त्रिपाठी यांचे ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ तिला एका बैठकीत वाचता येईल. वेग चांगला, भाषा फार साधी, आणि देवांना माणूस करण्याच्या नादात अद्भुत थोडे विरते, असे माझे मत. उर्दूतल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या जादूच्या महाकथेचा पहिला भाग मुशर्रफ अली फारूकी यांनी इंग्रजीत आणला आहे, तो मात्र अद्भुताची कमतरता कुठेच भासू देत नाही. आणि ‘अर्थसी’ इथेही सुचवते: तिथे किल्ल्यांऐवजी बेटे आहेत आणि गेडची कातडी तांबूस तपकिरी आहे. लेखिकेने ते हेतुपुरस्सर केले होते. दोन-तीन वर्षांनी एन. के. जेमिसिन यांचे ‘द फिफ्थ सीझन’ हे त्रयीतले पहिले पुस्तक द्या. भूकंप आवरणाऱ्या माणसांची ती गोष्ट कठोर आहे. त्या त्रयीच्या तिन्ही भागांना २०१६ पासून सलग तीन वर्षे विज्ञानकथा व फँटसीसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

प्रश्न : मालिका नको, नकाशा नको. एकच पुस्तक, तीनशे पानांच्या आत. (ठाणे)

उत्तर : सुझाना क्लार्क यांचे २०२० मधले ‘पिरानेसी’. असंख्य दालनांचे एक घर, प्रत्येक दालनात पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्राची भरती, आणि रोजनिशी लिहिणारा एक निरागस माणूस. मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका आणि कुणाला कथाही विचारू नका.

प्रश्न : टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्डच्या एक्केचाळीस कादंबऱ्या आहेत म्हणे. पहिलीपासून क्रमाने वाचाव्यात का? मी पहिली वाचली, ठीक वाटली, पण लोक इतके का हसतात ते कळले नाही. (बेळगाव)

उत्तर : क्रमाने मुळीच वाचू नका. १९८३ च्या पहिल्या कादंबरीत लेखक इतर फँटसी लेखकांची नक्कल करून हसवतात, त्यामुळे ती मूळ पुस्तके न वाचलेल्याला विनोद निसटतो. पुढे ते माणसांवर लिहू लागले. १९८९ चे ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घ्या. त्या शहरात चोरांचा अधिकृत संघ आहे. वर्षाला किती चोऱ्या व्हायच्या हे ठरलेले आहे आणि चोर घर लुटल्यावर मालकाला रीतसर पावती देऊन जातो. पहारेकऱ्यांचा दारुडा कप्तान हे सारे मुकाट्याने पाहत आला आहे. अशा ठिकाणी डोंगरातल्या खाणीतून एक साडेसहा फुटी उमदा तरुण भरती होतो, ज्याने कायद्याचे जुने पुस्तक तोंडपाठ केले आहे आणि ते खरे मानले आहे. तो रुजू होताच चोरसंघाच्या अध्यक्षालाच चोरीच्या आरोपाखाली पकडून आणतो.